आजारी माणसाला घेऊन सायबाच्या वाटेवर

भात कापून उडव्या रचून झाल्या, की खानापूर, लोंढा, बेळगाव, तिकडे सावंतवाडी, बांदा आणि कारवारकडच्या आपल्या गावांतून जुन्या गोव्याला चालत जाण्याची बोलणी सुरू होतात. संत फ्रान्सिस झेवियरची नोवेना २४ नोव्हेंबरला सुरू होते आणि ३ डिसेंबरला फेस्त. चालणाऱ्या जथ्यांत तरुण मुले पुष्कळ असतात. त्यांच्याविषयी आज लिहायचे नाही. त्यांचे पाय घट्ट असतात आणि सल्ला त्यांना नको असतो. आज लिहायचे आहे ते घरातल्या आजारी माणसासाठी नवस बोलून, बायकामुलांसह निघणाऱ्यांविषयी. अशी कुटुंबे जथ्यात लगेच ओळखू येतात. ती मागे राहतात, सावलीला बसतात, आणि त्यांच्यातल्या कोणाची तरी नजर सारखी एकाच माणसावर असते.

आपल्या भागातल्या एका घरातली हकीकत सांगतो. नाव-गाव सांगण्याचे कारण नाही. बारा वर्षांच्या मुलाला फीट येत असे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या आणि फीट बरीच आटोक्यात होती. आईने नवस बोलला की लेकराला घेऊन अनवाणी सायबाकडे जाईन. इथवर ठीक. पण शेजारच्या कोणी शहाण्याने तिला सांगितले, “एकीकडे गोळ्या आणि एकीकडे नवस, म्हणजे तुझा विश्वास अर्धाच.” तिने निघताना गोळ्या घरी ठेवल्या. दुसऱ्या रात्री जथा पहाटे लवकर निघाला, मुलाची झोप झाली नाही, आणि रस्त्याच्या कडेला त्याला एकामागून एक फीट येऊ लागली. दैवाने पाठीमागून एक टेम्पो आला. मुलगा वाचला, पण त्याला शुद्धीवर यायला फार वेळ लागला.

त्या शेजाऱ्याचे वाक्य मी अनेक ठिकाणी, अनेक तोंडांतून ऐकले आहे. म्हणून त्याचे उत्तर नीट द्यायला हवे. पवित्र शास्त्रातील सिराखच्या पुस्तकाचा ३८ वा अध्याय कोणीही उघडून पाहावा. वैद्याचा मान राखा, त्यालाही देवानेच निर्माण केले आहे, आणि औषधे जमिनीतून देवच उगवतो, असा त्या अध्यायाचा भावार्थ आहे. आजारी पडल्यावर आधी प्रार्थना करावी आणि मग वैद्यालाही जागा द्यावी, असेच तिथे सांगितले आहे. दोन्ही एकत्र. गोळी गिळल्याने प्रार्थना उणी होत नाही.

फीटच्या आजारात तर हे फारच महत्त्वाचे. रोज नेमाने औषध घेतले तर दहांपैकी सुमारे सात रुग्णांची फीट पूर्ण थांबू शकते. पण औषध अचानक तोडले तर ती पूर्वीपेक्षा जोराने उलटते. त्यात जागरण, उपास आणि थकवा यांची भर पडली की फीट ओढवून घेतल्यासारखेच होते. आणि पदयात्रेत ही तिन्ही असतात. तेव्हा अशा रुग्णाला न्यायचेच असेल तर त्याची रात्रीची पूर्ण झोप आणि वेळेवर गोळी हाच यात्रेचा पहिला नियम समजावा. वाटेत फीट आलीच तर त्याला एका कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही द्यावे, तोंडात चमचा, पाणी, काहीही घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ दवडू नये. पाच मिनिटांत फीट थांबली नाही, किंवा एक संपते न संपते तोच दुसरी आली, तर १०८ ला फोन करावा. ही गाडी कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र तिन्हीकडे चालते.

क्षयाच्या रुग्णाचेही तसेच. साध्या क्षयाचे औषध सहा महिने चालते. दोन महिन्यांत खोकला कमी होतो, अंगावर मांस चढते आणि माणसाला वाटते सायबाने बरे केले. कृतज्ञता जरूर मानावी, पण औषध सोडू नये. अर्धवट सोडलेला क्षय परत येतो तेव्हा तो नेहमीच्या औषधांना जुमानत नाही. शिवाय ज्याचे औषध नुकतेच सुरू झाले आहे आणि खोकल्यातून जंतू पडत आहेत, त्याने शाळांच्या आणि सभागृहांच्या बंद खोल्यांत इतर यात्रेकरूंच्या शेजारी झोपणे योग्य नाही. त्याच्यासाठी घरच्यांनी चालावे आणि त्याने घरी राहून नोवेना करावी.

इथे नवसाचा प्रश्न येतो. “पण बाई, मी तर बोलून बसले आहे की त्याला चालत नेईन!” असे म्हणणारी माउली मनाने फार अडकलेली असते. तिला भीती असते की नवस मोडला तर कोप होईल. आपल्या कॅथलिक धर्मसभेने १९८३ साली जी धर्मविधिसंहिता प्रसिद्ध केली, तिच्यात या भीतीवर सरळ उतारा आहे. क्रमांक ११९३ सांगतो की नवस जो बोलतो त्यालाच तो बांधतो. म्हणजे आईने लेकाच्या नावे बोललेला नवस लेकाला बांधत नाही. नवऱ्याने बोललेला बायकोला बांधत नाही. क्रमांक ११९६ प्रमाणे योग्य कारण असेल तर आपल्या धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू खाजगी नवसातून माणसाला मोकळे करू शकतात, फक्त त्यामुळे तिसऱ्या कोणाच्या हक्कावर घाला येता कामा नये. आणि ११९७ प्रमाणे बोललेल्या गोष्टीऐवजी तिच्याइतकी किंवा तिच्याहून चांगली गोष्ट आपली आपणच करता येते. याहून हलकी गोष्ट करायची असेल तर मात्र फादरांना विचारावे लागते. एवढे सोपे आहे. तेव्हा मधुमेहाने पाय बधिर झालेल्या बाईने अनवाणी चालण्याचा नवस बोलला असेल, तर तिने निघण्यापूर्वी फादरांकडे जावे. दहा मिनिटांचे काम आहे. पायाला जखम होऊन पाय कापण्याची पाळी येते ती काही दहा मिनिटांत निस्तरत नाही.

माझे स्वतःचे मत विचाराल तर आजारी माणसाने चालावे, असे कुठेच म्हटलेले नाही. पक्षाघात झालेल्या माणसाला त्याच्या चार सोबत्यांनी बाजेसकट उचलून आणले, गर्दीमुळे वाट मिळेना म्हणून घराचे छप्पर उसकटून त्याला प्रभू येशूपुढे खाली सोडले, ही मार्काच्या शुभवर्तमानातील गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. चालले कोण? चार सोबती. आणि प्रभूने त्यांचाही विश्वास पाहिला. आपल्या घरात चार माणसे असतील तर तिघांनी चालावे, चौथ्याने आजाऱ्याला बसने किंवा टेम्पोने ठरलेल्या मुक्कामी आणावे. संध्याकाळी सर्वांनी मिळून माळेची प्रार्थना करावी. शेवटचा टप्पा, डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर, आजाऱ्याने हात धरून सोबत चालावा. फोंड्याहून जुने गोवे वीसेक किलोमीटर आहे. तेही जड जात असेल तर अखेरचे एक-दोन किलोमीटर पुरेत.

ज्याच्या पायाशी आपण जातो त्या संताचे आयुष्य या बाबतीत पाहण्यासारखे आहे. फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरला, तो राहिला इस्पितळात. त्याआधी व्हेनिस शहरात असाध्य रोग्यांच्या इस्पितळात त्याने रोग्यांची घाण काढली होती. गोव्यातही तो रोग्यांच्या उशाशी असे, कुष्ठरोग्यांकडे जाऊन मिस्सा करी, आणि घंटा वाजवीत रस्त्यांतून मुलांना धर्मशिक्षणाला गोळा करी. चालणाराही मोठा. १५५०-५१ च्या हिवाळ्यात जपानमध्ये बर्फातून चालत तो तिथल्या राजधानीला गेला. आणि शेवटी चीनच्या किनाऱ्याजवळच्या शांगचुआन बेटावर, पलीकडे जाण्याची वाट पाहत असताना, तापाने आजारी पडून ३ डिसेंबर १५५२ रोजी वारला. वय अवघे ४६. रोग्यांची सेवा करणाऱ्या या माणसाचा स्वतःचा ताप उतरला नाही. आपले माणूस बरे झाले नाही तर आमची भक्ती कमी पडली, असे म्हणून जी माणसे स्वतःला खातात, त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.

सायबाचे शरीर १५५४ साली गोव्यात आणले गेले. ज्या बॉम जेझस बासिलिकेत ते आहे, तिचे अभिषेकविधान १६०५ सालचे. दर दहा वर्षांनी होणारे दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाले. ते हुकले म्हणून हळहळण्याचे कारण नाही. फेस्त दर वर्षी असते. उलट आजाऱ्याला घेऊन जायला दर्शनाच्या वर्षाची गर्दी सोयीची नसते.

आता वाट. बेळगावहून खानापूर, रामनगर, अनमोड, घाट उतरून मोले, फोंडा आणि जुने गोवे, ही मोठ्या रस्त्याची वाट. बेळगावहून सुमारे १४० किलोमीटर, खानापूरहून सुमारे ११५. तरुण जथे रोज तीस किलोमीटर चालतात. कुटुंबाने तो हिशेब धरू नये. मुले आणि पन्नाशीपुढची माणसे बरोबर असतील तर दिवसाला बारा ते पंधरा किलोमीटर पुष्कळ झाले. त्या हिशेबाने खानापूरहून आठ दिवस लागतात आणि आठ दिवस शेतकऱ्याला नसतात. म्हणून मोलेपर्यंत बसने जाऊन तिथून पुढचे पन्नासेक किलोमीटर चार दिवसांत चालावे, असे मी सुचवतो. घाटात अवजड ट्रक असतात, वळणे आंधळी असतात, पदपथ नाही; लेकरे घेऊन तो घाट पायी उतरण्यात मला काही पुण्य दिसत नाही. सावंतवाडीकडून बांदा, पत्रादेवी, म्हापसा, पणजी, रायबंदर ही वाट सत्तर किलोमीटरच्या आसपास आहे आणि वस्तीतून जाते, त्यामुळे ती कुटुंबाला बरी. पण तिच्यावर वाहने फार. कुठल्याही रस्त्यावर उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे, एकामागे एक चालावे. काळोखात पांढरे कपडे आणि जथ्याच्या पुढे एक व मागे एक बॅटरी हवी. जपमाळ म्हणताना दोघे-तिघे शेजारी शेजारी चालू लागतात. तिथेच अपघात होतात.

पाय हे या यात्रेचे बैल. बैलांना नाल न ठोकता आपण त्यांना डांबरी रस्त्यावर काढत नाही, पण नवे कोरे बूट घालून स्वतः निघतो. जुने, पायाला सरावलेले बूट किंवा मागे पट्टा असलेली चप्पल घालावी. महिनाभर आधीपासून रोज सकाळी तासभर चालावे. नांगरामागे चालणारा पाय डांबराला सरावलेला असतोच असे नाही. बोटांच्या बेचक्यांत आणि टाचेला खोबरेल तेल लावावे. सुती मोजे घातले तर घामाने ओले होताच बदलावेत. फोड आलाच तर तो फोडू नये. आपोआप फुटला तर स्वच्छ पाण्याने व साबणाने धुऊन कोरड्या स्वच्छ फडक्याने झाकावा. धनुर्वाताचे इंजेक्शन घेतलेले नसेल तर निघण्यापूर्वी घ्यावे.

मधुमेह असणाऱ्याने रोज रात्री तळपाय दुसऱ्याकडून तपासून घ्यावेत, कारण त्याला स्वतःला काटा रुतलेला कळत नाही. चालण्याने रक्तातली साखर उतरते. म्हणून औषधाचे किंवा इन्सुलिनचे माप यात्रेपुरते कमी करायचे का, हे डॉक्टरांना आधी विचारावे. आपल्या मनाने बदलू नये. हात कापू लागले, घाम फुटला, बोलणे असंबद्ध होऊ लागले, तर ताबडतोब साखर किंवा गूळ द्यावा. खिशात साखरेची पुडी हवीच. उपास करायचाच असेल तर तो घरच्या धडधाकट माणसाने करावा. इन्सुलिनची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून मातीच्या लहान मडक्यात ठेवली तर उन्हात टिकते. चालताना छातीत दाब आला, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली, तर तिथेच बसावे आणि गाडी बोलवावी. वायूचा त्रास म्हणून ओवा खात पुढे चालणारे मी पाहिले आहेत.

पाण्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. जुने गोवे हे एके काळी केवढे शहर होते! पटकीच्या आणि तापाच्या साथींनी ते ओस पडत गेले आणि १८४३ साली राजधानीचा मान पणजीला गेला. आज आपण ज्या मोकळ्या हिरवळीवर बसून डबा सोडतो, तिथे घरांच्या रांगा होत्या. तेव्हा रस्त्यावरच्या कुठल्याही विहिरीचे पाणी हा देवाचा प्रसाद समजून पिऊ नये. उकळलेले पाणी घरून न्यावे, पुढे मुक्कामाच्या घरी उकळून मागावे. ख्रिस्ती घरे सहसा नाही म्हणत नाहीत. नोव्हेंबरअखेरही किनाऱ्याकडे दुपारचे ऊन बाधते, म्हणून पहाटे चार-साडेचारला निघून साडेनऊपर्यंत चालावे, मग चारपर्यंत सावली, पुन्हा दोन तास चाल. ज्याला फीटचा आजार आहे त्याने पहाटेची चाल टाळावी. जुलाब लागले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ घालून घोट घोट पाजावे. मीठ जास्त पडता कामा नये, चाखून पाहावे. अश्रूंहून खारट लागले तर ओतून टाकून नवे करावे.

रात्री जमिनीवर झोपताना मच्छरदाणी चारी बाजूंनी अंथरुणाखाली खोचावी. मण्यार रात्रीच चावते, तिचा दंश दुखत नाही, आणि झोपलेल्या माणसाला कळतही नाही. पहाटे कोणाच्या पापण्या जड झाल्या, पोटात कळा आल्या, बोलणे जड झाले, तर साप पाहिला नसला तरी संशय धरावा आणि इस्पितळ गाठावे. करकचून बांधू नये, ब्लेडने कापू नये.

घरामागचे काय, हा शेतकऱ्याच्या यात्रेतला खरा काटा. नोव्हेंबर २०२१ मधला अवकाळी पाऊस आपण विसरलेलो नाही. कापलेले भात शेतात पसरून कोणी नोवेनेला जाऊ नये. मळणी झाली असेल तर धान्य कडकडीत वाळवून, दाताखाली टचकन तुटेल असे करून, कणगीत भरूनच निघावे. भाताच्या ओलीवर वाल, चवळी, मसूर टाकणाऱ्यांनी पेरणी आटोपूनच जावे, कारण आठ दिवसांत ओल उडून जाते आणि परतल्यावर बी टाकणे म्हणजे पाखरांना घालणे. जनावरांसाठी जुनी सावडीची रीत सर्वांत बरी: यंदा तुम्ही चालता, आम्ही तुमची जनावरे पाहतो, पुढल्या वर्षी उलट. शेजारी हिंदू असो की मुसलमान, या कामाला कोणी नाही म्हटल्याचे मला आठवत नाही. मात्र दुभत्या म्हशीला परका हात आवडत नाही. निघण्याआधी आठ दिवस शेजारणीकडूनच दूध काढवावे, म्हणजे ती पान्हा चोरणार नाही आणि सडात दूध राहून कास सुजणार नाही. म्हैस विण्याच्या बेतात असेल तर घरचे एक माणूस मागे राहिलेच पाहिजे.

पैशांविषयी एकच सांगतो. यात्रेसाठी सावकाराचे कर्ज काढू नये, आणि औषधाला ठेवलेले पैसे प्रवासात खर्चू नयेत. परतीच्या भाड्याचे पैसे आधीच वेगळे बांधून ठेवावेत. फेस्ताच्या फेरीत खाजे आणि खेळणी मुलांना खुणावतातच. सावंतवाडीच्या बाजूच्या लोकांना परतताना करमळी हे रेल्वे स्टेशन जवळ पडते.

जुन्या गोव्याला पोहोचल्यावर आजाऱ्याला सरळ रांगेत उभे करू नये. आधी पाय धुऊन, खायला देऊन, तासभर आडवे होऊ द्यावे. नोवेनेच्या दिवसांत पहाटेपासून मिस्सा चालू असतात, एकच वेळ गाठली पाहिजे असे नाही. फेस्ताच्या दिवसापेक्षा मधल्या एखाद्या वारी गर्दी कमी. पापनिवेदन करावे. आजाऱ्यांना तेल लावण्याचा संस्कार मात्र घरून निघण्याआधी आपल्याच फादरांकडून घ्यावा. तो मरणाऱ्यांसाठीच असतो ही समजूत खोटी आहे, गंभीर आजारी असणाऱ्या कोणालाही तो घेता येतो. रांगेत कोणाचे बिघडलेच तर बांबोळीचे सरकारी मोठे इस्पितळ तिथून जवळ आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, औषधांची नावे आणि घरचा फोन नंबर प्लास्टिकच्या पिशवीत घालून आजाऱ्याच्या स्वतःच्या खिशात ठेवावेत, बरोबरच्याच्या नव्हे. गर्दीत चुकामूक होते.

आणि परतल्यानंतरचे. जे जंगलातून चालले, विशेषतः जांबोटी, चोर्ला, सत्तरी, दोडामार्ग या पट्ट्यातून, त्यांनी माकडतापाकडे लक्ष ठेवावे. हा ताप प्रथम १९५७ साली शिवमोग्गा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात आढळला. सत्तरीत २०१५ पासून आणि सिंधुदुर्गात २०१६ पासून त्याचे रुग्ण मिळाले. तो जंगलातल्या गोचिडीच्या चाव्याने होतो, माणसाकडून माणसाला होत नाही, आणि डिसेंबर ते मे हा त्याचा काळ. म्हणून त्या वाटेवर पाचोळ्यात बसू नये, चादर अंथरावी, पाय झाकावेत, मुक्कामाला पोहोचताच गरम पाण्याने आंघोळ करून कपडे धुवावेत, लेकरांच्या काखा व जांघा पाहाव्यात. मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता जवळच्या आरोग्य केंद्राला कळवावे. परतल्यावर आठ-दहा दिवसांत अचानक जोराचा ताप, कपाळ फुटेल अशी डोकेदुखी आणि अंग मोडून येणे सुरू झाले, तर चालण्याचा शीण म्हणून अंगावर काढू नये. आरोग्य केंद्रात जावे आणि कुठल्या वाटेने चालत गेलो होतो हे डॉक्टरांना आधी सांगावे.